स्मार्ट वजनकाटा घेतला, वजन बरोबर दाखवतो, बाकीचं मनावर घेऊ नका

वजनाचं काम हा काटा चोख करतो, ते आधीच सांगते. लागोपाठ उभं राहिलं तरी आकडा तोच येतो, डिस्प्ले मोठा आहे, ॲपला आपोआप जातं. माझी तक्रार बाकीच्या आकड्यांबद्दल आहे कारण बॉक्सवर जाहिरात त्यांचीच आहे, बॉडी फॅट, मसल, व्हिसेरल फॅट, मेटाबॉलिक एज आणि काय काय.

आता हे काटे करतात काय, तर पायाखालच्या पट्ट्यांतून अगदी बारीक करंट सोडतात, पाणी जास्त असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडतो, मग त्यावरून आणि तुम्ही भरलेल्या वय-उंचीवरून फॉर्म्युला आकडा काढतो. मोजे घालून उभे राहा, फक्त वजन येतं. शिवाय करंट एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली उतरतो, त्यामुळे पोटाच्या आत लिव्हर-आतड्यांभोवतीची चरबी त्याला थेट मोजताच येत नाही, तरी व्हिसेरल फॅटचा आकडा मात्र ठसठशीत! मी सेटिंगमध्ये ॲथलीट मोड ऑन करून परत उभी राहिले तर फॅट धाडकन खाली. उभ्या उभ्या. भरपूर घाम गाळून आल्यावर बघाल तर आणखी तिसरंच काहीतरी.

एवढं टोचतंय कारण खरी भानगड त्याच आतल्या चरबीची आहे. ती नुसती साठून पडत नाही, पेशी फुगल्या की तिथे मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी रसायनं सुटतात, लिव्हर सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) जास्त बनवायला लागतं आणि ही मंद सूज ना दिसते ना दुखते, पण वर्षानुवर्षं इन्सुलिनचं काम बिघडवत राहते. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ सापडलं ते १९९३ साली, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही.

आणि व्यायामाचा खेळ इथेच आहे. स्नायू काम करताना स्वतःच आयएल-६ नावाचं रसायन सोडतो, हो, तेच जे लठ्ठपणात सुजेच्या यादीत असतं, पण व्यायामात ते थोड्या वेळासाठी वाढतं आणि त्याच्या मागोमाग आयएल-१० सारखे सूज दाबणारे घटक वाढतात. नियमित भरभर चालणं, सायकल, पोहणं यानं वजन फारसं हललं नाही तरी आतली चरबी कमी होऊ शकते. आता हे काट्याला कसं कळणार? त्याला किलोच कळतात. वजन जागच्या जागी राहिलं की ॲप चक्क "तुमची प्रगती थांबली आहे" असा मेसेज टाकतं. अरे बाबा, कुठे थांबली? असले मेसेज वाचून माणूस चालायचं सोडून देईल की.

त्यापेक्षा साधी टेप घ्या, कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी आहे का ते बघा. सूजच बघायची तर डॉक्टरांना विचारून एचएस-सीआरपी करा, म्हणजे रक्तातलं तेच सीआरपी बारकाईने मोजणारी टेस्ट, १ (मिग्रॅ/लिटर) च्या खाली चांगलं, ३ च्या वर असेल तर हृदयाच्या दृष्टीने धोका जास्त धरतात. १० च्या वर गेलं तर बहुतेक वेळा इन्फेक्शन किंवा दुखापत, म्हणून सर्दी-तापात किंवा जबर वर्कआऊटच्या दुसऱ्या दिवशी ही टेस्ट करण्यात अर्थ नाही. बाकी डब्ल्यूएचओचं ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि २ दिवस स्नायूंचा, त्याला काही ॲप लागत नाही.

घ्यायचाच असेल तर सकाळी उठल्यावर, रोज त्याच वेळी उभे राहा आणि फॅटच्या एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका, महिन्याचा ग्राफ बघा. पेसमेकर असलेल्यांनी हा वापरायचा नाही ही सूचना मॅन्युअलच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे, ती बॉक्सवर मोठी हवी होती. एक स्टार त्याचा कापला, दुसरा त्या "प्रगती थांबली"चा. ५ पैकी ३.