थर्माकोल कापायचा हॉट वायर कटर घरी बनवायचाय: टेबलवाला की धनुष्यवाला, आणि पॉवर कशावर?

कटर बनवायचा ठरलं की बहुतेक जण आधी घरात कुठला ॲडाप्टर पडलाय ते बघतात आणि मग त्याला तार जोडतात, मी पण पहिला तसाच बनवला होता. आता तीन-चार कटर बनवून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की आधी काय कापायचंय ते ठरवा. त्यावरून तारेची लांबी ठरते आणि लांबी ठरली की किती व्होल्ट लागणार ते आपोआप कळतं.

आता प्रकार दोनच धरू, कारण सेलवर चालणारा पेनसारखा छोटा कटर फक्त बारीक कोरायला बरा, त्याचे सेल फार पटकन बसतात.

टेबलवाला म्हणजे प्लायवूडचा पाट, त्याला भोक, वर एक उलट्या एलसारखा हात आणि मध्ये उभी तार, साधारण ३० सेंटीमीटर. तार जागेवर असते, आपण शीट सरकवतो, त्यामुळे दोन्ही हात शीटवर राहतात आणि कंट्रोल मस्त मिळतो. अक्षरं, गोल, खोक्यात बसवायचं पॅकिंग, आर्किटेक्चरवाल्यांचे डोंगर-उताराचे थर, सगळं यावर. एक सरळ पट्टी क्लॅम्प केली की एका मापाच्या पट्ट्या धडाधड निघतात, आणि तारेपासून मोजून एक खिळा उभा केला, त्यावर शीट टोचून फिरवली की हाताने कधीच जमणार नाही असा गोल मिळतो. (मखरासाठी करायचा विचार असेल तर थांबा, महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे.)

धनुष्यवाला मात्र वेगळ्याच कामाचा. दोन काठ्या, मध्ये आडवी दांडी, एका बाजूला ताण द्यायला दोरी किंवा स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला तार, ६० ते ९० सेंटीमीटर. इथे ठोकळा जागेवर आणि तार फिरते. जाड ब्लॉकचे थर काढायचे असतील, किंवा आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाचा, ग्लायडरचा पंख कापायचा असेल तर याला पर्याय नाही. पंखासाठी सनमायकाचे दोन टेम्प्लेट कापून ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना लावायचे, त्यांच्या कडेवर १ ते १० आकडे टाकायचे, आणि दोघांनी दोन बाजू धरून आकडे म्हणत तार एकदम पुढे न्यायची. एकजण जरी मागे राहिला तरी पंखाला पीळ येतो आणि तो नंतर घासून जात नाही. एकट्याने करत असाल तर धनुष्य जरा नंतर बनवा, टेबलवर हात बसू दे.

आता लांबीचं गणित, जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बराच वेळ वाचला असता. २८ गेजची नायक्रोम तार (निकेल-क्रोमियमची, हीटरमध्ये असते तशी, जाडी ०.३७ मिलिमीटरच्या आसपास) घेतली तर एका मीटरला साधारण १० ओहम रेझिस्टन्स भरतो. थर्माकोल छान कापायला त्या तारेतून २ अँपिअरच्या आसपास करंट पुरतो. म्हणजे मीटरला २० व्होल्ट. टेबलच्या ३० सेंटीमीटरला ६ व्होल्ट, ६० च्या धनुष्याला १२ व्होल्ट, आणि ९० ला १८, म्हणजे जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला ॲडाप्टर तिथे अगदी फिट बसतो. तोच ॲडाप्टर टेबलला लावला तर तार लालभडक होऊन तुटते किंवा ॲडाप्टर बंद पडतो. आणि १२ व्होल्टचा ॲडाप्टर टेबलला थेट लावला तरी ३० सेंटीमीटरमधून ४ अँपिअर जातात, तार लाल होते. तार लाल दिसली म्हणजे गरज नसताना तापलीय हे लक्षात ठेवा. काप रुंद होतो, कडा खड्ड्यासारख्या वितळतात आणि धूर वाढतो.

मग टेबलसाठी ६ व्होल्ट आणायचे कुठून, खरा निर्णय इथेच आहे.

माझी पहिली पसंती ६-०-६ चा ३ अँपिअरवाला ट्रान्सफॉर्मर. मधली वायर आणि कडेची एक घेतली की ६ व्होल्ट, दोन्ही कडेच्या घेतल्या की १२, म्हणजे एकाच डब्यावर टेबल आणि ६० चं धनुष्य दोन्ही चालतात. तारेला एसी-डीसीचं काही घेणंदेणं नसतं, तापली की झालं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो. फक्त २३० व्होल्टची बाजू नीट बंद डब्यात आणि फ्यूज लावून घ्या.

दुसरा, जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लायचा डबा. हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो, लाल वायरला ५ व्होल्ट, पिवळीला १२. लाल-काळी टेबलला लावा, जरा हळू कापतं पण बारीक कामाला मला तेच आवडतं. शॉर्ट झालं तर तो स्वतः बंद होतो हा मोठा फायदा. फुकट पडलेला असेल तर हाच वापरा.

तिसरा, १२ व्होल्टचा ॲडाप्टर आणि पुढे कंट्रोल. यात लोक हमखास अडकतात. स्वस्तातला पीडब्ल्यूएम डिमर व्होल्टेज कमी करत नाही, पूर्ण १२ व्होल्ट चालू-बंद करतो, त्यामुळे चालू असतानाच्या क्षणी ४ अँपिअर लागतातच. माझ्याकडे राउटरचा २ अँपिअरचा ॲडाप्टर होता, डिमर एकदम कमी ठेवला तरी तो नुसता लुकलुकत होता आणि मी दोन दिवस डिमरलाच दोष देत बसलो. डिमर वापरणार तर ॲडाप्टर ५ अँपिअरचा घ्या. ॲडाप्टर छोटाच असेल तर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट) घ्या, तो खरोखर ६ व्होल्ट करून देतो आणि ॲडाप्टरवर सव्वा अँपिअरच्या आसपासच लोड येतो. त्यात एक्सएल४०१५ चिपवाला घ्या, एलएम२५९६ वाला २ अँपिअरला फार तापतो.

आणि घरच्या लाइनला फॅनचा रेग्युलेटर लावून थेट तार जोडायचा जुगाड अजिबात करू नका. ती उघडी तार आहे आणि तिच्यात २३० व्होल्ट असतात, हात लागला तर जीव जाईल.

तारेत नायक्रोमच घ्या. गिटारची स्टीलची तार ताणाला भारी आहे पण तिचा रेझिस्टन्स बराच कमी, त्यामुळे करंट जास्त खाते आणि वरचं सगळं गणित बदलतं. शेगडीची कॉइल उलगडून सरळ करायला जाल तर बारीक वाकडेपणा राहतोच आणि तो प्रत्येक कापात दिसतो. नायक्रोमला सोल्डर धरत नाही, नट-बोल्ट आणि दोन वॉशरमध्ये आवळा. तार तापली की ६० सेंटीमीटरला २ मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि सैल पडते, म्हणून स्प्रिंग हवीच, पण करंट स्प्रिंगमधून नेऊ नका, स्प्रिंग तापून मऊ पडते. वायर सरळ तारेच्या टोकाला जोडा.

काय कापायचं नाही हे पण बघून घ्या. पांढरा थर्माकोल आणि इन्सुलेशनची निळी-गुलाबी एक्सपीएस शीट चालते, पॅकिंगचा मऊ ईपीई फोम पण चालतो. सनबोर्ड नको, तो पीव्हीसी असतो आणि त्यातून ॲसिडचा वायू निघतो. गादीचा, सोफ्याचा पीयू फोम तर नाहीच, तो वितळत नाही, जळतो, आणि त्या धुरात सायनाइड असतं. थर्माकोलचा धूर पण चांगला नाही, खिडकी उघडी ठेवून काम करा, पण फॅनचा झोत तारेवर येऊ देऊ नका, तार एका बाजूने थंड पडते आणि काप वाकडा जातो.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा एक टाकाऊ तुकडा घ्या आणि बोटाच्या हलक्या दाबाने सरकवा. तार मध्ये मागे वाकत असेल तर व्होल्टेज थोडं वाढवा, तुकडा तारेला टेकायच्या आधीच वितळत असेल तर कमी करा.