फणसाचं जुनं दार आणि उघडा चिरा : चौदा महिन्यांनंतर

रत्नागिरीच्या कडेला, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आमचं घर आहे. सासऱ्यांनी १९८६ साली बांधलेलं, चिऱ्याचं, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचं, पश्चिमेकडे तोंड असलेलं. पश्चिमेकडे तोंड म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर वावझड, म्हणजे वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस, थेट दारावर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या दाराशी येऊन थडकतो असं मला दरवर्षी वाटतं.

लेकीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज घ्यायचं होतं. दर्शनी भाग नीट केला की घराची किंमत चढून येते, असं दोघा-तिघांनी सांगितलं, म्हणून मागच्या वर्षी फेब्रुवारीत काम काढलं. दाराला आता चौदा महिने झालेत, भिंतीला अकरा. एक अख्खा पावसाळा दोघांवरून गेला आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मूळ दार फणसाचं, पॅनेलचं, दीड इंच जाडीचं. २०१८ साली आम्ही ते काढून दुकानातून तयार दार आणलं. वरून सागासारखं दिसणारं, आतून एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची खालची कड भिजलेल्या पावासारखी फुगली आणि वरचं प्लॅस्टिकचं आवरण पापुद्र्यासारखं सुटलं. विकणाऱ्याने घराच्या आतलं दार बाहेर बसवू नका एवढं जरी सांगितलं असतं तरी आमचे पैसे वाचले असते. जुनं दार मागच्या पडवीत लाकूडफाट्यावर आडवं पडलेलं होतं. सुताराने त्यावर रंध्याचे चार हात मारले आणि आतून पिवळं धमक लाकूड निघालं. एवढी वर्षं जुनं, पण कुठे वाळवीचा कण नाही. तो म्हणाला, "काकू, हे पिकलेलं लाकूड आहे. नवा साग आणून असं दार व्हायला तुम्हाला किती पैसे मोजावे लागतील ते विचारून बघा." मी विचारून बघितलं आणि गप्प बसले.

दारापेक्षा चौकटीलाच काम जास्त निघालं. चौकटीचे दोन्ही पाय फरशीच्या सिमेंटात गाडलेले होते, त्यामुळे खालून ओल चढून आठ-आठ इंच लाकूड कुजलं होतं. कुजलेला भाग कापून तिथे सागाचे तुकडे सांधले आणि त्यांच्या खाली काळ्या दगडाची चकती ठेवली. आता लाकूड फरशीच्या वर टेकतं. चौकट करून घेणाऱ्या प्रत्येकाने हे सुताराकडून हट्टाने करून घ्यावं. दुसरी गोष्ट दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेची. पॉलिश करणारे समोरचं आणि मागचं अंग चकचकीत करतात, खालची कड कोरडीच राहते, कारण ती कुणाला दिसत नाही. पाणी मात्र तिथूनच शिरतं, उभ्या लाकडाची तोंडं तिथे उघडी असतात. आम्ही दार बसवायच्या आधी आडवं ठेवून त्या कडांना तेलाचे पाच हात दिले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दार फुगलं आणि वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. मिस्टरांनी लगेच सुताराला बोलावलं. त्याने रंधा पिशवीतून काढलाच नाही. म्हणाला, "आत्ता मारला तर डिसेंबरात फटीतून बोट जाईल." मेणबत्ती घासून दिली आणि चहा पिऊन गेला. दसऱ्यानंतर दार आपोआप मोकळं झालं. डिसेंबरात कडेची फट मोजली, तीन मिलिमीटर. त्या माणसाने एक दिवसाची मजुरी सोडून आमचं दार वाचवलं, हे मी सगळ्यांना सांगते.

पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करायचं की अळशीचं तेल, यावर आमच्या घरी पंधरा दिवस चर्चा झाली. पीयूचा थर सुंदर दिसतो, पण वावझडीत त्याला एक चीर गेली की पाणी खाली शिरतं आणि थर सुटतो, मग सगळं खरवडून काढावं लागतं. तेल दरवर्षी द्यावं लागतं, पण खरवडावं काहीच लागत नाही. आम्ही तेल निवडलं. त्याचा दोष मला ऑगस्टमध्ये कळला. खालच्या पॅनेलवर काळे ठिपके आले, बुरशीचे. दमट हवेत अळशीच्या तेलावर बुरशी धरते, ही गोष्ट आधी माहीत असती तर तेलाबरोबर बुरशीनाशक घातलं असतं. सोडा घातलेल्या पाण्याने पुसून, वाळवून ठिपके बरेच गेले, पूर्ण गेले नाहीत. एक महत्त्वाचं सांगते : तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

कडी-कोयंडा आणि बिजागऱ्या पितळी घेतल्या. त्या काळवंडल्या आहेत, पण चिंचेने घासल्या की पुन्हा उजळतात. गेटला स्टीलची कडी लावली होती, ३०४ ग्रेडची, तिच्यावर सहा महिन्यांत तांबूस डाग आले. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं स्टील घ्यायला हवं होतं.

भिंतीचं काम मे महिन्यात झालं. पुढच्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा होता आणि दर तीन वर्षांनी आम्ही त्याला रंग काढत होतो. चिरा सच्छिद्र असतो. गिलाव्याला भेग पडली की आत शिरलेलं पाणी मागेच अडकतं आणि आतल्या खोलीत पोपडे सुटतात. गिलावा काढला, दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, पुन्हा भरून घेतल्या, दगड महिनाभर उन्हात सुकू दिला आणि मग सिलिकॉनचं रंगहीन पाणीरोधक मारलं. तांबडा चिरा उघडा पडला तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "घर आता कोकणातलं दिसतंय गो." आतली भिंत पहिल्यांदाच पूर्ण पावसाळा कोरडी राहिली. खालच्या दोन थरांवर मात्र पागोळ्यांची तांबडी माती उडून डाग पडले. ते पाणीरोधकाच्या आवाक्यातलं नव्हतं. भिंतीलगत दोन फूट रुंद खडी टाकली, पन्हळ बसवली, दारावर तीन फूट पुढे येणारा पत्र्याचा छज्जा केला. छज्जा पहिल्या दिवशीच करायला हवा होता. दार, तेल, भिंत या सगळ्यांना वाचवणारी वस्तू तीच, आणि आम्ही ती शेवटी केली.

आता किंमत. दारावर मजुरीसकट ११,५००, पितळी सामान ४,८००, भिंत ५८,०००, छज्जा-पन्हळ-खडी २६,०००. म्हणजे एक लाख तीनशे. ऑक्टोबरात बँकेकडून मूल्यांकन करायला गृहस्थ आले. त्यांनी मापं घेतली, घरपट्टी आणि बांधकामाची परवानगी बघितली, बांधकामाचं वर्ष विचारलं, जागेचा दर काढला आणि वयाप्रमाणे घसारा लावला. दाराकडे त्यांनी फक्त आत येताना बघितलं. पण पुढच्या खोलीत भिंतीवर तळहात ठेवून ओल आहे का ते तीन ठिकाणी तपासलं आणि अहवालात बांधकामाची स्थिती चांगली अशी नोंद केली. रेडी रेकनरमध्येही, म्हणजे जागेच्या सरकारी दरपत्रकातही, दाराला रकाना नाही. एका एजंटाने कामाआधी ४८ लाख सांगितले होते, नंतर ५०. पण आमच्याच गल्लीतला एक प्लॉट त्या वर्षी चढ्या भावाने गेला, त्यामुळे ते दोन लाख दाराने आणले असं मी म्हणणार नाही. जानेवारीत शेजारचं घर बघायला आलेलं मुंबईचं एक जोडपं मात्र आमच्या गेटशी थांबून विचारत होतं, "हे विकायचंय का?" असं याआधी कधीच कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दार उतरवायचं आहे, खालची कड पुन्हा तेलाने भरण्यासाठी. दोन माणसं आणि अर्धा दिवस लागेल. या वेळी तेलात बुरशीनाशक घालणार आहे, आणि गेटची कडी बदलायची ती ३१६ची, दुकानदाराकडून बिलावर लिहून घेऊन.