व्हिपेटला शिकवायला घरी येणाऱ्या ट्रेनर ताई: ५ पैकी ४, एक स्टार उशिरा येण्याबद्दल कापला

आमचा व्हिपेट (सडपातळ, लांब पायांचा शिकारी जातीचा कुत्रा) आता १० महिन्यांचा आहे, नाव शेवगा (पाय बघून आजीने ठेवलं). कोथरूडमध्ये त्याला घेऊन खाली उतरलं की दोनच प्रश्न येतात, मुधोळ (आपल्याकडचा शिकारी कुत्रा) आहे का आणि ह्याला खायला देत नाही का हो. मुधोळ नाही, जात इंग्लंडची, पण धंदा तोच, डोळ्यांनी हेरायचं आणि सुटायचं. आणि हो, देतो खायला, अगदी भरपूर.

ह्या ताईंच्या आधी एकाला बोलावलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी गळ्यात चेन घालून झटके दिले, 'बसलाच पाहिजे' म्हणून कंबर दाबली. शेवगा चावला नाही की ओरडला नाही, सरळ दिवाणाखाली गेला, दीड दिवस बाहेर नाही, शू पण तिथेच. त्यानंतर कुकरची शिट्टी झाली तरी थरथरायचा.

ताई आल्या आणि पहिला अर्धा तास खाली बसून माझ्या आईशी डिंकाच्या लाडवांबद्दल बोलत बसल्या, कुत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं ह्याचे पैसे द्यायचे का आपण. तेवढ्यात महाशय मागून येऊन पिशवी हुंगायला लागले, तर ताईंनी मान न वळवता पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा बाजूला सरकवला. आठवडाभर एवढंच! 'सिट'साठी त्यांनी हट्टच धरला नाही, अंगावर चरबी नाही त्यामुळे ह्यांना गार फरशीवर बसायला नकोच वाटतं म्हणे. त्याऐवजी घोंगडीची घडी टाकून 'जागा' शिकवलं, आता बेल वाजली की जाऊन घोंगडीवर पडतो.

खरी कमाल ढोलाची. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो तिथे घेऊन जाऊ म्हणाल्या तेव्हा मी हातच जोडले, पण त्यांनी इतकं लांब उभं केलं की नुसतं धप धप ऐकू यावं. हिशोब साधा, पनीर खाल्लं तर ठीक, तोंड फिरवलं म्हणजे आपण फार जवळ आलो, गुपचूप मागे व्हायचं. ओढायचं नाही, रागवायचं नाही, त्याला निघायचं असेल तर निघायचं. चौथ्या खेपेला ताशा कडकडत होता आणि पोटाखाली गेलेली शेपटी हळूच बाहेर आली, मला तर भर रस्त्यात भरून आलं.

पट्ट्याचं पण त्यांनीच सांगितलं. ह्यांचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, साधा पट्टा उलट्या पावली निघून येतो (कर्वे रोडवर रिक्षाच्या हॉर्नला आमचा आलाच होता निघून, देवाची कृपा). आता मार्टिंगेल आहे, ओढ बसली की जेमतेम आवळतो, गळफास होत नाही. आणि हाक मारल्यावर येण्याची प्रॅक्टिस १० मीटरच्या लांब दोरीवर, पण ती दोरी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला), गळ्याला नाही, कारण हे प्राणी तासाला ५० किमीच्या वर पळतात आणि झटका बसला तर मान जाईल. 'इकडे' म्हटल्यावर आला की पनीर द्यायचं आणि परत खेळायला सोडायचं, नाहीतर इकडे म्हणजे घरी जायचं हे त्याला दोन दिवसात कळतं. टेकडीवर मोकळा सोडू का विचारलं तर स्पष्ट नाही म्हणाल्या, खार दिसली की कान बंद, कुंपण असेल तिथेच सोडा. हे खरं सांगणारं माणूस मला आवडलं.

आता तक्रार. ६ ची वेळ दिली की पावणेसात, वर 'ट्रॅफिक होता'. बाणेरहून येताना ट्रॅफिक असणारच ना ताई! दोनदा तर ऐनवेळी कॅन्सल. गृहपाठ मात्र रात्री ११ ला व्हॉट्सॲपवर, तोही व्हॉइस नोट, ६ मिनिटांची.

१० सेशनचे ९००० दिले, आम्हाला १३ लागले, वरच्या ३ चे वेगळे. चार दिवसात शेकहँड करून दाखवणारा कुत्रा हवा असेल तर ह्यांना बोलावू नका. बोलावलंत तर संध्याकाळची वेळ आधीच धरून ठेवा, आणि आजीला सांगून ठेवा की मधेच तूप लावलेली पोळी देऊ नको, आमचे दोन सेशन त्यातच गेले, पोटात पोळी असल्यावर पनीरकडे बघतो कोण.