परड्यातल्या कोंबड्यांना अल्बेंडाझोल: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दक्षिण कोकणातल्या आमच्या परड्यात गावठी आणि गिरिराज मिळून दोन डझनांच्या आसपास कोंबड्या आहेत. दिवसभर त्या माडांच्या आळ्यांत उकरत फिरतात आणि तिन्हीसांजेला खुराड्यात येतात. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून त्यांना जंतांसाठी अल्बेंडाझोलचे 2.5 टक्क्यांचे पातळ औषध देत आलो आहे. अनेक कंपन्या हेच औषध याच प्रमाणात विकतात, त्यामुळे छापाचे नाव घेत नाही. थोडक्यात मत असे की मोठ्या गोल जंतांवर हे औषध चोख काम करते. मात्र ते पाण्यातून देण्याची जी पद्धत सर्रास सांगितली जाते ती कोकणच्या पावसाळ्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि अंडी खाण्याबाबत बाटली काहीच सांगत नाही.

औषध आणण्याआधी शिटेची तपासणी करून घेतली होती. कोंबडी मलूल झाली, तुरा फिका पडला, छातीचे हाड हाताला टोचू लागले आणि अंडी कमी झाली की आमच्याकडे सरळ ‘जंत झालेत’ म्हणून मोकळे होतात. पण हीच लक्षणे पिसवांमुळे, अपुऱ्या खाद्यामुळे किंवा नुसत्या पीसगळीमुळेही दिसतात. सकाळची ताजी शीट, शक्यतो पाच-सहा कोंबड्यांची, झाकणाच्या छोट्या डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिली तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. नमुना घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: कोंबडी नेहमीच्या शिटेखेरीज दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची शीट टाकते. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि निरोगी असते, तरी पुष्कळ जण तिलाच हगवण समजतात. आमच्या नमुन्यात अस्कॅरिडिया गॅली या मोठ्या गोल जंतासारखी अंडी मिळाली. आंधळ्या आतड्यात राहणाऱ्या हेटेराकिस या लहान जंताची अंडी इतकी सारखी दिसतात की नुसत्या नजरेवर भेद करणे अवघड असते. दोघांवर हेच औषध चालत असल्याने आमच्यापुरता तो प्रश्न गौण होता.

आता मात्रेविषयी. 2.5 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम औषध. डॉक्टरांनी किलोला 10 मिलिग्रॅम सांगितले, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला 0.6 मिलिलिटर. वजन अंदाजाने धरू नये. गावठी कोंबडी आणि गिरिराज यांच्या वजनांत मोठी तफावत असते आणि अंदाज बहुधा कमीच पडतो. आम्ही कापडी पिशवीत कोंबडी घालून ती मासळीच्या लटकत्या काट्याला लावतो. पिशवीत अंधार असल्याने ती धडपडत नाही.

दुकानदार आणि माहितीपत्रक दोघेही औषध पिण्याच्या पाण्यात मिसळायला सांगतात. हे औषध पाण्यात विरघळत नाही. बाटली कितीही हलवून ओतली तरी अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसतो, वरचे पाणी पिणाऱ्या कोंबडीला औषध जवळपास मिळत नाही आणि तळ ढवळणारीला जास्त जाते. त्यात दांडगी कोंबडी जास्त पिते, आजारी कोंबडी भांड्यापर्यंत येतच नाही. उन्हाळ्यात रात्री पाणी काढून ठेवून सकाळी तहानलेल्या कोंबड्यांपुढे औषधाचे पाणी ठेवता येते. पण जुलैमध्ये परड्यात जागोजागी डबकी भरलेली असताना भांड्याकडे कोण फिरकणार? म्हणून पहिल्यापासून एकेकीला स्वतंत्र देण्याची पद्धत ठेवली. कोंबड्या दांडीवर बसल्या की एक जण बॅटरी धरतो, दुसरा सुई काढलेल्या लहान सिरिंजने औषध भाकरीच्या मऊ तुकड्यात मुरवतो आणि तो तुकडा चोचीत देतो. तुकडा नाकारणाऱ्या कोंबडीला चोचीच्या कडेने थेंबथेंब द्यावे लागते. जिभेच्या मुळाशी जी फट उघडझाप करताना दिसते ती श्वासनलिकेची असते; औषधाची धार तिच्यावर गेली तर कोंबडी गुदमरते. दोन डझन कोंबड्यांना सुमारे तासभर लागतो. ज्यांच्याकडे शंभरावर पक्षी आहेत त्यांना हे जमणार नाही, आणि त्यांनी पाण्यात खरोखर विरघळणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलणे बरे.

परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. दांडीखाली अंथरलेल्या गोणपाटावर शिजलेल्या शेवईसारखे पिवळट पांढरे, बोटाएवढे लांब जंत पडलेले होते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत तुऱ्यांना रंग आला आणि दोन अगदी खंगलेल्या कोंबड्या अंगाने भरल्या. अंडी वाढली, पण त्याचे सगळे श्रेय मी औषधाला देणार नाही, कारण त्याच सुमारास खाद्यात सुकटीचा चुरा आणि शिंपल्यांचा भुगा सुरू केला होता. औषधाचा कस पाहायचा तर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा शीट तपासावी. आमच्या दुसऱ्या नमुन्यात अंडी सापडली नाहीत. त्यानंतर भर पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्यात मात्र ती पुन्हा दिसली.

यात औषधाचा दोष नाही. गोल जंताचे अंडे शिटेतून ओल्या, उबदार मातीत पडले की दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होते आणि सावलीतल्या ओलाव्यात ते कित्येक महिने टिकते. कोंबडीने ते टिपल्यावर 5 ते 8 आठवड्यांत तिच्या शिटेतून नवी अंडी बाहेर पडू लागतात. आमच्या आगरासारखी जागा म्हणजे जंतांना आंदणच. त्यामुळे दांडीखालची शीट रोज उचलणे, ती झाकलेल्या खड्ड्यात कुजवणे, पाण्याची भांडी विटांवर उचलून ठेवणे, खुराड्यातले ओले तूस लगेच बदलणे आणि पिल्लांना मोठ्या कोंबड्यांच्या जागेपासून दूर वाढवणे, ही कामे औषधाइतकीच महत्त्वाची ठरली. विशेषतः पिल्ले, कारण तीन महिन्यांच्या आतल्या पक्ष्यांना गोल जंताचा त्रास सर्वांत जास्त होतो.

आता माझी खरी तक्रार. माझ्या बाटलीवर गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कोंबडी यांच्या मात्रा छापल्या आहेत, जनावरांच्या दुधासाठी किती दिवस थांबायचे तेही आहे. अंड्यांविषयी एक शब्द नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या औषधावर ही माहिती नसावी, हे मला अक्षम्य वाटते. युरोपीय संघात पाण्यातून देण्याच्या फेनबेंडॅझोल या जंतांच्या औषधाला (रोज किलोला 1 मिलिग्रॅम, सलग 5 दिवस) अंड्यांसाठी शून्य दिवसांची मुदत अधिकृतपणे ठरलेली आहे, म्हणजे त्या काळातली अंडी खाता येतात. पण ती मुदत त्या औषधाची आणि त्या मात्रेची आहे. ती अल्बेंडाझोलला लावता येत नाही. आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषधानंतर 10 दिवस अंडी घरात वापरली नाहीत आणि विकलीही नाहीत. खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या अंड्यांच्या काळात तर हे औषध देऊच नये, कारण या गटातल्या औषधांमुळे गर्भात व्यंग येऊ शकते. कोंबडी पिसे टाकत असतानाही आम्ही ते टाळतो.

या बाटलीने काय बरे होत नाही, हेही सांगायला हवे. श्रावणात पिल्लांच्या एका उबवणीला रक्ती हगवण लागली. ती आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होते आणि तिच्यावर जंताचे औषध पूर्ण निष्प्रभ आहे. तिथे अँप्रोलियमची 20 टक्क्यांची भुकटी लिटरला 1.2 ग्रॅम या प्रमाणात 5 दिवस आणि नंतर कमी मात्रेने चालवली; ती पाण्यात नीट विरघळते आणि आडोशाला कोंडलेली पिल्ले तेच पाणी पितात. दुकानदार सोबत बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक हातात ठेवतो, ते त्या दिवसांत देऊ नये: अँप्रोलियम परजीवीला थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, मिळू न देऊनच काम करते. तुरा फिका पडलेल्या एका कोंबडीच्या बाबतीत कारण वेगळेच निघाले. रात्री दांडीच्या फटीवर बॅटरी मारली तेव्हा रक्त पिऊन लाल झालेल्या पिसवा तिथे वळवळत होत्या. मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, तर औषधच नाही, लसच हवी. तिची कुपी एकदा फोडली की थोड्या वेळात संपवावी लागते आणि एका कुपीत आमच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त मात्रा असतात, त्यामुळे वाडीतल्या चार घरांनी मिळून बर्फात ठेवून ती आणतो; लस देण्याच्या एक आठवडा आधी जंताचे औषध देऊन घेतो.

पर्यायांपैकी पाइपेराझिन स्वस्त आणि सौम्य आहे, पण ते वाढ झालेल्या मोठ्या गोल जंतांपलीकडे फारसे जात नाही. लेव्हामिसोल पाण्यात विरघळते, हा त्याचा मोठा फायदा. चपट्या फीतकृमींची गोष्ट निराळी. ते मुंग्या, किडे आणि गोगलगायी यांच्यामार्फत येतात, शिटेवर त्यांचे पांढरे तुकडे हलताना दिसतात, आणि त्यांच्यासाठी मात्रा किंवा औषध डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. लसूण, हळद, कडुनिंब, पपईच्या बिया हे सारे आमच्याकडेही दिले जाते. त्याने अपाय झाला नाही, पण गोणपाटावर जंत पडलेला मी त्याने कधी पाहिला नाही.

पुढच्या खेपेला, नमुन्यात अंडी निघाली तरच, लेव्हामिसोल वापरून पाहणार आहे. वर्षानुवर्षे एकच औषध चालवले की जंत त्याला दाद देईनासे होतात, हे शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत सिद्ध झालेले आहे. खरेदी करणाऱ्यांना एवढेच सांगेन की लहान कळपाला सर्वांत लहान बाटली पुरते, मोठी बाटली मुदत संपेपर्यंत कपाटात पडून राहते. उरलेले औषध शेजारच्या शेळ्यांना देता येते. फक्त मात्रा शेळीच्या वजनाने काढावी आणि नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला ते देऊ नये.