वृद्धाश्रम की शुश्रूषा केंद्र? बाग बघून झाली की रात्रपाळी बघा

खुब्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात परवा घरी न्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा बंगळुरूला, सुनेची नोकरी. आई-वडिलांना कुठे ठेवायचं हा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा अशा दोन दिवसांत उरकला जातो. दोन-तीन ठिकाणी जाऊन बाग, जेवण, खोलीतला उजेड आणि महिन्याचा आकडा बघितला जातो. ते बघावंच. पण मी फॅमिली डॉक्टर म्हणून पुण्याच्या आसपास दोन्ही प्रकारच्या ठिकाणी राउंडला जातो. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाची तब्येत तिथे टिकणार की ढासळणार हे तीन गोष्टींवर ठरतं: कालच्यापेक्षा आज काही वेगळं दिसतंय हे कोणाच्या लक्षात येतं, ते कुठे लिहिलं जातं, आणि त्यावर किती तासांत हालचाल होते. खालची तुलना त्याच अंगाने केली आहे.

आधी दोन्हींची ओळख. वृद्धाश्रम म्हणजे खोल्या, वेळेवर चहा-नाश्ता, संध्याकाळी भजन, आठवड्यातून एक-दोनदा येणारे डॉक्टर, दिवसा एखादी सिस्टर आणि रात्री मावशी. प्रवेशाच्या अर्जावर बहुधा अट असते की स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत. शुश्रूषा केंद्र म्हणजे मागेपुढे होणारे पलंग, ऑक्सिजन, कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, चोवीस तास नर्सिंग. अंथरुणाला खिळलेले, लघवीची नळी असलेले, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेले रुग्ण तिथे घेतात. पाटीवर मात्र कोणी काहीही लिहितं. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं ठिकाण म्हणजे व्यवहारात छोटं खासगी रुग्णालय. वृद्धाश्रम पुष्कळदा ट्रस्टच्या नावावर चालतो. तेव्हा नोंदणी कशाखाली आहे ते विचारा, पण त्यावरून रात्री कोण जागं असतं हे कळणार नाही.

औषधांची पिशवी

प्रवेशाच्या दिवशी नातेवाईक एक पिशवी देतात. त्यात हृदयाच्या डॉक्टरांच्या गोळ्या, हाडांच्या डॉक्टरांच्या, शुगरच्या, मधल्या एका ॲडमिशनमध्ये सुरू झालेली पित्ताची आणि 'झोप लागत नाही' म्हणून कधीतरी दिलेली अर्धी गोळी. दहा-बारा तर सहज.

वृद्धाश्रमात आजी स्वतः डबीतून घेतात किंवा मावशी हातावर ठेवते. चुकणं, दोनदा घेणं, उशीखाली सापडणं हे होतं. शुश्रूषा केंद्रात सिस्टर समोर उभी राहून देते आणि सही करते, त्यामुळे चुका कमी. तिथला घोटाळा वेगळा आहे. पिशवीतलं सगळं निमूट चार्टवर चढतं आणि वर्षानुवर्षं चालू राहतं. एकाने सुरू केलेली गोळी दुसरा बंद करत नाही. जिथे औषधं जास्त नेमाने दिली जातात, तिथे नको असलेली औषधंही तितक्याच नेमाने पोटात जातात.

अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स यांनी वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, ती मुळात नर्सिंग होममधल्या (तिकडे याचा अर्थ शुश्रूषा केंद्रासारखं ठिकाण) रहिवाशांसाठीच होती. आजही ती सुधारून वापरली जाते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचा गट त्यात आहे. तिकडे नर्सिंग होममधल्या प्रत्येक रहिवाशाची औषधं दर महिन्याला फार्मासिस्टने तपासावीत असा नियम आहे. आपल्याकडे तसं बंधन दिसत नाही, म्हणून प्रश्न आपणच विचारायचा: 'शेवटची गोळी बंद केली ती कधी आणि कोणाची?' हा प्रश्न मी नव्या ठिकाणी मॅनेजरला विचारतो. उत्तर द्यायला फाइल उघडली गेली, तर निम्मं काम झालं.

वृद्धाश्रमात एक प्रसंग हमखास घडतो. एकादशी असते. आजींनी सकाळी सवयीने ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी घेतलेली असते आणि उपास म्हणून दुपारी दोन केळी. चार वाजता त्या घामाघूम, काहीतरी असंबद्ध बोलतात. मावशी म्हणते, 'वय झालं, भ्रमतात अधूनमधून.' ग्लुकोमीटर ऑफिसच्या कपाटात, किल्ली मॅनेजरकडे. शुगर किती उतरलीय हे कळायला तासभर जातो. शुश्रूषा केंद्रात हेच पाच मिनिटांत कळतं, हा त्याचा खरा फायदा. मात्र शहाणपणाचं ठिकाण, मग ते कोणत्याही प्रकारचं असो, ही गोळी आधीच कमी करून घेतं. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या आसपास चालते, असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तरण्या माणसाचं टार्गेट पंच्याऐंशीच्या आजींवर लादायचं कारण नाही.

बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' असेल तर तेही लक्षात ठेवा. त्यातल्या लघवी वाढवणाऱ्या औषधाने रक्तातलं सोडियम उतरतं. माणूस सुस्त होतो, तोल जातो, बरळतो, आणि घरचे समजतात डिमेन्शिया सुरू झाला.

पाठ आणि टाचा

इथे दोन्हींत मोठा फरक पडतो. चालत्याफिरत्या माणसाला बेडसोअर (पडून राहून दाबाने होणारी जखम) होत नाही, म्हणून वृद्धाश्रमात त्याची सवयच नसते. तिथलं कोणी पंधरा दिवस तापाने आडवं झालं की माकडहाडावर लाल डाग कधी आला हे कोणालाच आठवत नाही. सावळ्या कातडीवर तर लालीही दिसत नाही. हाताला ती जागा गरम किंवा टणक लागते. दाबल्यावर रंग फिका पडत नसेल तर जखम सुरू झालीय असंच धरायचं. अशा वेळी प्रेमाने मालीश करतात, गोल हवेची रिंग आणतात. दोन्ही चूक. रिंगच्या कडेने दाब आणखी वाढतो.

शुश्रूषा केंद्रात हवेची गादी असते, दोन-दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता असतो. तो तक्ता जरूर बघा, पण डोळे उघडे ठेवून. एकाच पेनाने, एकाच दमात भरलेला तक्ता ओळखू येतो. मी सकाळी साडेदहाला गेलो असताना दुपारी दोनच्या रकान्यातही सही बघितली आहे. म्हणून कागदापेक्षा पाय बघा. परवानगी घेऊन एखाद्या आजोबांच्या पायावरची चादर वर करा. टाचा गादीपासून उचलून ठेवलेल्या आहेत का, पोटऱ्यांखाली उशी आहे का? पाठ सगळेच जपतात, टाचा विसरतात. आणि वास. डायपर वेळेवर बदलतात की नाही हे दुर्गंधी झाकायला मारलेल्या फिनेलचा वास किती उग्र आहे त्यावरून समजतं.

पडणं, आणि पडू न देणं

शुश्रूषा केंद्रवाले अभिमानाने सांगतात, आमच्याकडे कोणी पडत नाही. मला हे ऐकून जरा धास्तीच वाटते. पडत नाहीत कारण उठूच देत नाहीत. काठी घेऊन बाथरूमपर्यंत जाणाऱ्या काकूंना आल्या दिवशी डायपर लावतात, पलंगाचे कठडे वर करतात, जेवण पलंगावर. महिन्याभरात मांड्यांचं मांस उतरतं आणि काकू खरोखरच अंथरुणाला खिळतात. कठडे चढून पडणारा तर आणखी उंचावरून पडतो.

वृद्धाश्रमात लोक पडतात, हे खरं. रात्री लघवीला उठून, ओल्या फरशीवर, बहुतेक वेळा झोपेची गोळी किंवा प्रोस्टेटची गोळी पोटात असताना. पण तिथे चालणं चालू राहतं, आणि ज्याचं चालणं टिकलं त्याचं बाकी पुष्कळ टिकतं. पडण्याची भीती असेल तर पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा, कमोडशेजारी दांडी, सपाता न देता मागे पट्टा असलेल्या चपला आणि उठल्याबरोबर चालू न लागता मिनिटभर बसणं, एवढं तरी होतंय का बघा.

माझं स्पष्ट मत: जो माणूस आधाराने का होईना चालतो, त्याला केवळ 'सिस्टर आहेत' म्हणून शुश्रूषा केंद्रात नेऊ नये. नाइलाजाने न्यावं लागलंच तर दिवसातून किती वेळा चालवणार हे लिहून घ्या.

नळीचंही असंच. गिळताना ठसका लागणाऱ्याला हाताने भरवायला अर्धा तास लागतो, नाकातल्या नळीतून पाच-दहा मिनिटांत काम होतं. पक्षाघातानंतर काही आठवडे नळी लागू शकते, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांची संघटनाही नळीच्या विरोधात आहे. सावकाश हाताने भरवा, असंच ती म्हणते. नळी उपसू नये म्हणून बँडेजने बांधलेले हात दिसले, तर तिथून सरळ बाहेर या. दिवसभर पेंगणारे डिमेन्शियाचे रुग्ण दिसले तर क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोन ही मनोविकारांवरची औषधं कोणाला आणि का चालू आहेत ते विचारा. अशा रुग्णांत या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे.

रात्री दोन वाजता

ताप १०१, श्वास थोडा जलद. वृद्धाश्रमात मुलाला फोन, मग १०८, मग रुग्णालयाची कॅज्युअल्टी. दुसरं काही करायची सोयच नसते. रुग्णालयात सलाइन, अनोळखी जागा, रात्रीचे दिवे. आजी तीन दिवसांत भ्रमिष्ट होऊन परत येतात, कधी पाठीला नवी जखम घेऊन. चांगल्या शुश्रूषा केंद्रात ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुगर लिहून सिस्टर डॉक्टरांना फोन करते, आणि निम्म्या वेळा रुग्णाला हलवावंही लागत नाही.

'चांगल्या' हा शब्द महत्त्वाचा. दिवसा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) झालेली सिस्टर, तिचा कोर्स तीन वर्षांचा. रात्री मात्र ब्युरोकडून (नर्स-आया पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलेली मुलगी, कालच रुजू झालेली, असं चित्र असतं. म्हणून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, पाळी बदलताना जा. एक पाळी दुसरीला काय सांगते ते कान देऊन ऐका. 'सगळे ठीक' एवढंच सांगून पर्स उचलली गेली, की पुढचं काही विचारायची गरज नाही. 'सहा नंबरच्या आजी आज दोनच घास जेवल्या, लघवी कमी झालीय' असं कानावर पडलं, तर ते ठिकाण बागेशिवायही चालेल.

डॉक्टरांबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्रत्येक केअर होमला ठरलेला डॉक्टरांचा गट जोडला जातो आणि आठवड्याचा राउंड सक्तीचा आहे. नेदरलँड्समध्ये नर्सिंग होमचं वैद्यक ही १९९० पासून वेगळी शाखाच आहे. आपल्याकडे व्हिजिटिंग डॉक्टर वीस मिनिटांत चाळीस जणांना 'काय आजोबा, बरंय ना?' म्हणून जातात. मीही घाईत असलो की तेच करतो. सिस्टरने आधी यादी काढून ठेवलेली असेल की आज या पाच जणांना नीट बघा, तर त्याच वीस मिनिटांचं सोनं होतं. म्हणून डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात यापेक्षा ते कोणाला बघतात हे कोण ठरवतं, ते विचारा.

पैसे आणि शेवट

महिन्याच्या आकड्यात डायपर, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, कॅथेटर बदलणं धरलंय का? शुश्रूषा केंद्रात हे वरचे खर्च वाढत जातात, वृद्धाश्रमात रुग्णालयाच्या फेऱ्या. मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. रोजच्या देखभालीसाठीचा मुक्काम पॉलिसीत वगळलेला असतो. ७० वर्षांवरच्यांना मिळणारं आयुष्मानचं पाच लाखांचं कार्डही रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतं.

अवघड प्रश्न पहिल्याच दिवशी काढा: अखेरचे दिवस इथेच काढता येतील का, आणि मृत्यूचा दाखला कोण देईल? दाखल्याच्या धास्तीनेच कित्येक ठिकाणं मरणासन्न माणसाला अॅम्ब्युलन्समध्ये घालतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाल्यावर, व्हेंटिलेटर नको असं शुद्धीत असताना नोटरीसमोर लिहून ठेवता येतं. ते लिहिलेलं असेल तर प्रत फाइलला लावा.

मग कोणाला कुठे? चालणारे, स्वतः जेवणारे, गप्पांची भूक असलेले: वृद्धाश्रम, पण ग्लुकोमीटर सिस्टरच्या टेबलावर आणि जवळचा एक डॉक्टर पक्का. अंथरुणाला खिळलेले, नळी असलेले, रोज ड्रेसिंग लागणारे: शुश्रूषा केंद्र. खुब्याच्या ऑपरेशननंतर: शुश्रूषा केंद्र, पण दीड-दोन महिन्यांपुरतंच, चालवण्याच्या बोलीवर. घरी ब्युरोची बाई ठेवणं हा तिसरा पर्याय आहे. घरात रोज तिच्यावर लक्ष ठेवणारं कोणी असेल तर तो या दोन्हींहून बरा, नसेल तर सगळ्यांत धोक्याचा.

जागा ठरली की पिशवीसोबत एक कागद द्या. चालू औषधं, कशाची ॲलर्जी, ऐकू कोणत्या कानाने येतं, चष्मा-कवळी कुठे असते, काय खाताना ठसका लागतो, आणि एरवी त्या किती बोलतात, किती चालतात. हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिहा. रात्रपाळीच्या मुलीला त्यांचं 'एरवीचं' माहीत नसतं, आणि आज काही बिघडलंय का हे तिला त्याच्याशी ताडूनच कळणार असतं.