इंदूर जिल्ह्याचा जमीनवापर मोजायचाय: गावे निवडावीत की बिंदू?

इंदूर जिल्हा सुमारे ३,९०० चौरस किलोमीटरचा. त्यात पिकाखाली किती, पडीक किती, प्लॉटिंगखाली किती, हे दोघा-तिघांनी एका खरिपात मोजायचे असेल तर नमुना कसा घेता यावरच सगळे ठरते: काही गावे निवडून त्यांतली शेते पाहायची, की नकाशावर सारख्या अंतराने बिंदू टाकून प्रत्येक बिंदूवर काय आहे ते जाऊन लिहायचे.

गावे निवडणे सोयीचे. सरकारी पीकक्षेत्राच्या अंदाजासाठीही बऱ्याच राज्यांत दरवर्षी २० टक्के गावे निवडून तिथली गिरदावरी (शेतोशेती जाऊन केलेली पीकनोंद) आधी उरकण्याची पद्धत चालत आली आहे. खसऱ्याची (शेतांच्या सर्व्हे नंबरांची) यादी हाताशी असते, आणि यंदा सोयाबीन का सोडले हे शेतकऱ्यालाच विचारता येते. पण एका गावातली शेते एकमेकांसारखीच असतात: तीच काळी माती, तेच पाणी, तीच मंडी. २० गावांत प्रत्येकी ५० शेते पाहिली तर आकडा १,००० दिसतो; एका गावातल्या शेतांतले साम्य ०.२ धरले (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे तंतोतंत सारखी), तर त्याचे बळ जेमतेम ९३ सुट्या शेतांएवढे उरते. शिवाय इंदूर शहराच्या कडेला, राऊ किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, कागदावर डायव्हर्शन झालेल्या (बिगरशेती केलेल्या) जमिनीत सोयाबीन उभे असू शकते, आणि शेतीच्या खसऱ्यावर कॉलनीही.

बिंदूंना यादी लागत नाही. ३ किलोमीटरची जाळी टाकली की जिल्ह्यात ४३० च्या आसपास बिंदू पडतात. ३० टक्के क्षेत्र व्यापणाऱ्या पिकाचा अंदाज त्यातून साधारण ४ टक्क्यांच्या फरकाने, म्हणजे २६ ते ३४ टक्के असा, मिळतो. देपालपूरसारख्या शेतीच्या तालुक्याला हे पुरे आहे. शहराच्या कडेला मात्र जाळी दाट करा आणि हिशेबात त्या बिंदूंचे वजन त्या प्रमाणात कमी धरा.

बिंदू बांधावर पडला तर? सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीबाबत (शेतातला छोटा प्लॉट कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याबाबत) दाखवून दिले होते की प्लॉट लहान असला की कडेची रोपे आत ओढली जातात आणि उत्पादन फुगते. इथेही पाय पिकाकडेच वळतो. बांध म्हणजे बांधच लिहायचा, हा नियम पहिल्या दिवशी ठरवा.

उपग्रहाचा नकाशा फुकट मिळतो. सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा. पण सोयाबीनच्या ऐन हंगामात ढग असतात, आणि पिक्सेल मोजून काढलेल्या क्षेत्रफळात नकाशाची चूक जशीच्या तशी उतरते. नकाशा वापरा तो शहराची कड, काळी राने आणि जानापावकडचे डोंगर वेगळे काढायला.

प्रश्न 'किती' असेल तर मी बिंदूच घेईन; 'का' असेल तर गावे, पण २० ऐवजी ६०, आणि प्रत्येकी थोडीच शेते. चिखलामुळे पोचता न आलेल्या बिंदूऐवजी रस्त्याकडचे शेत घेऊ नका. 'पोचलो नाही' असे लिहा आणि पाऊस ओसरल्यावर, कापणीआधी, पुन्हा जा.