ऑक्टोबरच्या थंडीसाठी हातमागाची घोंगडी : वापरानंतरचा अभिप्राय

पाऊस परतला की काही दिवस ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळीनंतर हळूहळू वाढत जाणारी थंडी, हा पुण्याकडचा नेहमीचा क्रम असला, तरी एखाद्या वर्षी तो मोडतो आणि कोजागरीचे दूध पचते न पचते तोच पहाटे पांघरूण शोधावे लागते. मोसमी वारे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राज्यातून माघार घेतात, आभाळ निरभ्र होते, उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागतात आणि जमिनीने दिवसभर धरून ठेवलेली उष्णता ढगांचा अडसर नसल्याने रात्री भराभर निघून जाते. म्हणून दुपारी पारा तिशीच्या वर आणि पहाटे चौदा-पंधरा अंशांवर, अशी विचित्र स्थिती होते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जाऊन ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असेल, तरच तिला साधारणपणे थंडीची लाट म्हणतात; तेव्हा ही लाट नव्हे. मात्र उकाड्याला सरावलेल्या शरीराला पंधरा अंशही पुरेसे बोचतात. अशा थंडीसाठी घेतलेल्या हाताने विणलेल्या घोंगडीबद्दल येथे लिहीत आहे.

ही घोंगडी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सनगर, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या समाजातल्या, कुटुंबाकडून अडीच हजार रुपयांना घेतली. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची आहे, काळी असली तरी तिला रंग दिलेला नाही आणि ती खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, विणलेली आहे. मागाची रुंदी मर्यादित असल्यामुळे दोन लांब पट्ट्या वेगवेगळ्या विणून त्या मधोमध हाताने शिवलेल्या आहेत. हा जोड मुद्दाम पाहावा, कारण कारागिरीची खरी परीक्षा तेथेच होते. माझ्या घोंगडीचा जोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला आहे, टाके लोकरीच्याच धाग्याचे आहेत आणि दोन्ही बाजूंनी ओढून पाहिले तरी फट पडत नाही. काठ मात्र एका ठिकाणी किंचित आत गेला आहे. हातमागाच्या मालात तो दोष मी धरत नाही.

मुख्य मुद्दा उबेचा. या दिवसांत कापसाची जाड रजई घेतली, तर भिंती अजून तापलेल्या असल्यामुळे मध्यरात्रीपर्यंत घामाने अंग चिकट होते, मग ती लाथाडली जाते आणि नेमक्या पहाटेच्या गारव्यात माणूस उघडा पडतो. बाजारात ढिगाने मिळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या मऊ ब्लँकेटांचे तर विचारूच नये. ती हातात घेताच उबदार वाटतात, पण त्यांत घाम शोषला जात नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प ओलसर न वाटता सामावून घेते आणि तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. त्यामुळे झोपताना पायांवर घेतलेली घोंगडी पहाटे अर्धवट झोपेत गळ्यापर्यंत ओढून घेतली की काम भागते. रात्रीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या ऋतूंशी गाठ असताना एकच पांघरूण पुरणे, हा तिचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात निफाड किंवा जेऊरच्या शिवारात राहणाऱ्यांना ती एकटी पुरेल, असा दावा मात्र मी करणार नाही.

आता उणिवा. घोंगडी टोचते, आणि चांगलीच टोचते. दख्खनी मेंढीची लोकर जाडी-भरडी असते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या म्हणजे जावळाच्या लोकरीची घोंगडी पुष्कळ मऊ असते, पण तिची किंमतही त्या मानाने चढी असते. मी अंगाशी जुन्या धोतराचा अस्तरासारखा पदर घेतो आणि त्यावर घोंगडी. लहान मुले तरीही तक्रार करतात. दुसरी उणीव वासाची. विणण्यापूर्वी ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांना चिंचोक्यांची खळ लावून ते उन्हात वाळवतात. त्या खळीचा आंबूस वास आणि लोकरीचा मूळचा वास मिळून नवी घोंगडी खोलीत आली की सगळ्यांना कळते. थंड पाण्यात रिठे घालून ती न पिळता धुतली आणि सावलीत आडवी वाळवली, तेव्हा खळीचा कडकपणा आणि वासाचा बराचसा भाग गेला. हवेत ओल असली की वास थोडा परततो. वॉशिंग मशीनमध्ये ती टाकू नये, ती आटून तंतू एकमेकांत घट्ट गुंततील आणि तिचा नमदा होईल. सुरुवातीला तंतूही झडतात, आणि गडद चादरीपेक्षा पांढऱ्या चादरीवर ते फार दिसतात.

साठवणीची काळजी हा वेगळाच व्याप आहे, कारण लोकरीला कसर लागते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घड्यांमध्ये घालून आणि अधूनमधून ऊन दाखवून ठेवावी लागते. पावसाळ्यात तर उघडीप दिसली की तिची आठवण ठेवावी लागते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सोलापुरी चादरी दोन घ्याव्यात, त्या धुवायला सोप्या आणि स्वस्तही पडतात.

खरेदीबाबत सावध राहावे, असे आवर्जून सांगेन. घोंगडी म्हणून विकला जाणारा बराच माल यंत्रावरचा आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा काढलेल्या मिश्र धाग्याचा असतो. तो वाईटच असतो असे नाही, पण त्याला हातमागाचा भाव देण्याचे कारण नाही. काठाचा एक सुटा धागा तोडून काडीने पेटवून पाहावा : शुद्ध लोकर नाखुशीने जळते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली राख बोटांत चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. माझ्यासमोर विक्रेत्याने स्वतःच हा धागा जाळून दाखवला, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

अडीच हजार रुपये पुष्कळांना जास्त वाटतील. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते, लोकर पिंजून हाताने सूत काढावे लागते आणि मागावरचे काम त्यानंतर सुरू होते. शिवाय मांसासाठी अधिक फायद्याच्या, अंगावर फारशी लोकर नसलेल्या माडग्याळ मेंढीकडे अनेक मेंढपाळ वळले असल्याने चांगली लोकर मिळवणेच विणकरांना अवघड झाले आहे. हे सारे पाहता मला भाव रास्त वाटतो.

मागणी नोंदवताना लांबी फुटांत लिहून द्यावी. विणकर हातांत मोजतात आणि उंच माणसाचे पाय उघडे राहण्याचा संभव असतो. खळ वाळायला कडक ऊन लागत असल्यामुळे पावसाळ्यात विणकाम मंदावते, तेव्हा ऑक्टोबरच्या थंडीत हाताशी हवी असेल, तर मागणी उन्हाळ्यातच द्यावी.